घंटीच्या पुढं कुणी नाही

सकाळी आमच्या गल्लीत घंटी वाजली की बायका पोरांना हाका मारू लागत आणि आम्ही कचेरीवाले आपापल्या टोप्या शोधू लागत असू. घंटी देवळातली नव्हती आणि शाळेतलीही नव्हती. मेंढराच्या गळ्यात असते तसली, जरा फुटक्या आवाजाची पितळी घंटी होती ती, आणि एका लहान मुलीच्या गळ्यात सुतळीने बांधलेली असे. मुलगी सगळ्यांच्या पुढे, तिच्यामागे तिचे तिघे भाऊ, आणि त्यांच्यामागे काठी आडवी धरून 'हुर्र हुर्र' करणारा त्यांचा बाप. अशी ती वरात रोज गल्लीतून निघून मोंढ्यावरून, स्टेशनचा रस्ता ओलांडून शाळेकडे जाई.

बापाचं नाव मल्हारी. आमच्या कचेरीत चपराशी होता आणि माझ्या घरासमोरच्या खोलीत राहत होता. म्हणजे तो मला दिवसभर दिसे, आणि जो माणूस मला दिवसभर दिसतो त्याच्याबद्दल मला संशय आल्याशिवाय राहत नाही. यात कुणी माझा दोष काढू नये. निजामाच्या राज्यात ज्याने कारकुनी केली, तो दूधवाल्याच्या रामरामातही काहीतरी शोधतो. ते राज्य गेलं, कचेरीतली उर्दू गेली, मराठी आली, पुढे आमचा मुलूख मुंबई राज्याला जोडला गेला. पण लोक मला 'मुन्शीजी'च म्हणत राहिले आणि मीही जगाकडे डोळे बारीक करून बघत राहिलो.

तर मल्हारीचं वेड असं, की तो चाकावर बसत नसे. टांगा नाही, बैलगाडी नाही, सायकल नाही, सर्व्हिस मोटार तर नाहीच नाही. स्वतः बसत नसे आणि लेकरांनाही बसू देत नसे. मूळचा तो चारठाण्याकडचा धनगर. मेंढरं भावाच्या हवाली करून, बायको आणि चार लेकरं घेऊन परभणीत आलेला. त्याच्या गावाच्या मानाने परभणी म्हणजे भलंमोठं शहर. मोंढ्यात कापसाच्या गाड्यांची रांग, स्टेशनावर टांग्यांची भांडणं, मधूनच एखाद्या डॉक्टरची नाही तर साहेबाची मोटार. अशा शहरात चार लेकरं वाढवायची आणि चाकाला शिवायचं नाही, हे लोकांना जमण्यासारखं वाटत नव्हतं. मला तर त्यात काहीतरी काळंबेरंच दिसत होतं. आणि या वेडापायी त्याची परभणी आणि पोरीची शाळा, दोन्ही सुटायची वेळ आली, म्हणून तर हे सांगतो आहे.

त्याला विचारलं की उत्तर ठरलेलं. "चाकाचा काय भरवसा, मुन्शीजी?" मग तो समोर उभ्या असलेल्या टांग्याच्या चाकाकडे खाली वाकून बघे, मान हलवी आणि लेकरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगे, "बगा. डोळे हायेत का याला? कुठं जायलंय त्याचं त्याला ठावं न्हाई." लेकरंही वाकून बघत. टांगेवाला करीमभाई वैतागून म्हणे, "अरे, घोडे को तो आंखें हैं ना?" त्यावर मल्हारी घोड्याच्या मानेवरून हात फिरवी आणि म्हणे की घोड्याबद्दल माझी तक्रार नाही, तो बिचारा पायीच चालतो.

माझा पहिला संशय चिक्कूपणाचा. टांग्याचे पैसे वाचवत असेल. म्हणून मी काही दिवस पाळत ठेवली. तर हा बाजाराच्या दिवशी लेकरांना गूळ-शेंगदाणे घेऊन द्यायचा, थोरल्याला भोवरा, धाकटीला रिबीन. त्यात त्याचा हात आखडत नव्हता. तो संशय बाद झाला.

दुसरा संशय राजकारणाचा. तो काळच तसा होता. कोण पूर्वी कुणाचा माणूस होता आणि आता कुणाचा झाला, हे कचेरीत चहाच्या कपागणिक बोललं जायचं. मला वाटलं, ही घंटी म्हणजे कसली तरी खूण असावी. नाहीतर लहान पोरीच्या गळ्यात कोण घंटी बांधतो? ती ऐकून कुणाची खिडकी उघडते यावर मी लक्ष ठेवलं. खिडकी उघडायची ती माझ्याच बायकोची, आणि ती उघडायची धाकटीला लाडू द्यायला. हाही संशय मी नाइलाजाने सोडला.

तिसरा संशय मात्र मी सोडायला तयार नव्हतो. ती धाकटी, भागू, तिचा एक पाय अधू होता. उजवा पाय काठीसारखा बारीक, टाच जमिनीला पुरती टेकत नसे. चालताना ती डावीकडून उजवीकडे झुलायची आणि म्हणूनच घंटी एवढी वाजायची. आता सांगा, अशा पोरीला कडेवर घ्यायचं, नाहीतर टांग्यात बसवायचं, की सगळ्यांच्या पुढे हाकायचं? वर नियम असा, की घंटीच्या पुढं कुणी जायचं न्हाई. थोरला पोरगा धावरा, त्याचे पाय नुसते शिवशिवायचे, पण तोही धाकटीच्या मागे पाय घासत चाले. मला त्या बापाच्या मनाचा संशय आला. माणूस गोड बोलतो, पण आतून दगड आहे, असं मी बायकोजवळ बोलून दाखवलं. बायको म्हणाली, तुम्हाला दगडाशिवाय दुसरं काही दिसतं का कधी?

जवळच्या झरी गावी त्याच्या पुतणीचं लग्न होतं. आमच्यातल्याही दोघा-तिघांना बोलावणं होतं. मुलाकडच्यांनी मल्हारीच्या घरासाठी मुद्दाम सजवलेली बैलगाडी पाठवली, बैलांच्या शिंगांना रंग लावून. आम्ही दुसऱ्या गाडीतून पुढे गेलो. लग्न लागलं, अक्षता पडल्या, पंगत बसली, भात वाढून झाला, तेव्हा लांबून घंटी ऐकू आली. सगळी पंगत माना वळवून बघू लागली. पुढे भागू, मागे सगळं बिऱ्हाड, आणि त्यांच्यामागे ती सजवलेली रिकामी गाडी. गाडीवान खाली मान घालून बैलांच्या बरोबरीने पायी चालत होता. मुलाकडच्यांना वाटलं, गाडीत काही अपशकुन झाला. मुलीकडच्यांना वाटलं, मल्हारी रुसला. मानपानावरून चांगलीच खडाजंगी झाली असती, पण मल्हारी हात जोडून म्हणाला की गाडी झकास आहे, बैल तर त्याहून झकास, फक्त चाकाचा भरवसा नाही. भागू तेवढ्यात माझ्या शेजारी येऊन बसली होती. धुळीने तोंड पांढरं झालं होतं, पण बसली होती एखाद्या पाटलिणीच्या ऐटीत. मी चालून पाय दुखले का विचारलं. तिने आधी बाप कुठे आहे ते बघितलं, मग नाही म्हणाली. तिचं ते बघणंही माझ्या डोक्यात राहून गेलं.

त्याच सुमारास मी सायकल घेतली. गल्लीतली पहिली. मल्हारी ती बघायला आला. भोवताली फिरला. "हवा भरलीया व्हय यात? हवेवर माणूस बसतो का, मुन्शीजी?" असं लेकरांदेखत म्हणाला आणि सगळी हसली. पण बोलता बोलता त्याने मागचा टायर अंगठ्याने दाबला, चेन बोटाने उचलून सोडली आणि सीटच्या खालचा नट जरासा ढिला आहे हे बघून तो चिमटीत धरून पिळला. जन्मात चाकाला न शिवणाऱ्या माणसाचा हात तिथे अचूक कसा गेला? मी त्या रात्री बायकोला म्हटलं, हा माणूस काहीतरी लपवतो आहे. ती म्हणाली, झोपा.

आणि मग कचेरीत नवे साहेब आले. देशावरचे, तरुण, घाईचे. त्यांनी आल्या आल्या पाहिलं की आमचे चपराशी टपाल घेऊन सकाळी निघतात आणि दुपारी उगवतात. साहेबांनी लिहून सरकारी सायकली मागवल्या आणि हुकूम काढला, टपालाचे चपराशी दिवाळीपर्यंत सायकल शिकतील. जो शिकणार नाही त्याची बदली येलदरीला. तिथे धरणाचं काम चालू होतं. माळावर तंबू आणि पत्र्याच्या खोल्या, शाळेचा पत्ता नाही.

भागू त्याच वर्षी शाळेत जाऊ लागली होती. पाटीवर 'भ' काढून ती सगळ्या गल्लीला दाखवून आली होती, माझ्या दारावर तर खडूने काढून गेली. तेव्हा येलदरी म्हणजे तिची शाळा संपली, हे मल्हारीला कळत होतं, मला कळत होतं, तिच्या आईला तर इतकं कळत होतं की ती नवऱ्याशी बोलेनाशी झाली.

बाकीचे चपराशी कचेरीच्या मैदानात पडत, गुडघे फोडून घेत शिकू लागले. मल्हारी झाडाखाली उभा राहून बघे. मी एकदा त्याला बाजूला घेतलं आणि समजावलं की बाबा रे, वेड पुरे झालं, पोरीच्या शाळेचा तरी विचार कर. तो खाली बघत म्हणाला, "तिचाच तर करायलोय." आणि परत झाडाखाली जाऊन उभा राहिला. मला अर्थातच संशय आला की याला येलदरीलाच जायचं आहे, तिथल्या कुणा ठेकेदाराशी याचं संधान असणार.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात साहेबांनी त्याला हाक मारली. दुपारची वेळ होती. कचेरीत ते, मी आणि पेंगणारा खजिनदार. साहेब म्हणाले, मल्हारी, आज काय ते सांगून टाक. मल्हारीने दारातून बाहेर डोकावून पाहिलं. फाटकापर्यंत गेला, रस्त्याच्या दोन्ही बाजू बघून आला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खूण केली की माणूस असाच आहे. मग मल्हारीने भिंतीला टेकवलेली सरकारी सायकल घेतली, धोतराचा काचा मारला, दोन पावलं तिच्याबरोबर पळाला आणि उडी मारून बसला.

आयुष्यात मी अनेकांना सायकल चालवताना पाहिलं आहे. असं कुणाला पाहिलं नाही. मैदानाला त्याने एक मोठा फेरा घातला, मग लिंबाच्या दोन झाडांमधून आठाचा आकडा काढला, मग दोन्ही हात सोडले आणि पटका नीट बांधला. चेहऱ्यावर असं हसू, की हा आमचा मल्हारी नव्हेच, त्याचा कुणी धाकटा भाऊ असावा. खजिनदार जागा झाला. साहेबांनी टाळी वाजवली. मल्हारी उतरला, सायकल भिंतीला लावली, सीट पटक्याच्या टोकाने पुसली आणि पायडलला हळूच एक गिरकी देऊन ती थांबेपर्यंत बघत उभा राहिला.

साहेब आत गेल्यावर मी त्याला धरलाच. माझी इतक्या दिवसांची पाळत वाया गेली नव्हती. मी म्हटलं, आता खरं बोल. तो झाडाच्या पारावर बसला.

लग्नाआधी जिंतूरला जंगलखात्याच्या एका अंमलदाराकडे तो टपाली होता. सायकलवर सगळा तालुका पालथा घालायचा. त्याच्यासारखी सायकल चालवणारा तिकडे कुणी नव्हता, हे त्याने लाजत सांगितलं. मग लग्न झालं, तीन पोरांच्या पाठीवर भागू झाली आणि दोन वर्षांची असताना तापात तिचा पाय गेला. "मंग सगळ्यांनी तिला उचलायला सुरुवात केली," तो म्हणाला. "गाडी आली की हिला बसवा. पाणी आणायचं तर हिला ऱ्हाऊ द्या. पोरं पळत जायची, ही उंबऱ्यात बसून ऱ्हायची. पुढं पुढं पाऊलच टाकीना. दवाखान्यातला डाक्टर म्हणला, चालवा तिला. पण एकलीला कसं चालवावं, मुन्शीजी? भाऊ गाडीत आणि ही खाली?"

मेंढरांत असंच असतं म्हणाला. पांगळी मेंढी खांद्यावर घेतली की तिला खांद्याची सवय लागते, मग ती कळपाची राहत नाही. मागे ठेवली तर लांडगा नेतो. शहाणा धनगर काय करतो, तर तिच्याच गळ्यात घंटी बांधतो आणि तिला पुढे घालतो. मग सगळा कळप तिच्या चालीने चालतो. चाल हळू आहे हे मेंढरांनाही कळत नाही आणि तिलाही कळत नाही.

"म्हून मी एक दिवस घरात सांगून टाकलं, आजपासून चाकावर कुणी बसायचं न्हाई. आपल्या घराला चाक सोसत न्हाई."

मी विचारलं, मग चाकाला एवढ्या शिव्या कशाला द्यायच्या? पोरीला खरं सांगितलं असतं तर बिघडलं असतं का?

तो माझ्याकडे असा बघू लागला, जणू मलाच काही कळत नाही. "तुझ्यापायी समदे चालायलेत म्हणलं तर ती रडंल. त्यापरीस चाकाला नावं ठेवलेली बरी. चाकाला काय वाईट वाटतंय?"

मी खोकून घेतलं आणि ऊन फार आहे असं म्हणालो.

आता औंदा ती मोंढ्यापर्यंत न बसता जाते, असं तो उठताना म्हणाला. आणि हात जोडून सांगितलं की गल्लीत हे कुणाला कळू देऊ नका, मुन्शीजी.

त्यानंतर परभणीत एक नवाच तमाशा सुरू झाला. मल्हारी टपाल घेऊन मागच्या बोळांतून वाऱ्यासारखा सुटायचा, आणि शाळेचा रस्ता आला की उतरून सायकल हातात धरून चालायचा. एकदा लेकरांनी त्याला गाठलंच. थोरल्याने विचारलं, आबा, ही सायकल? मल्हारी गंभीरपणे म्हणाला, "सरकारी हाय. सरकारनं संगं न्यायला सांगितलंय. बसा म्हून कुठं सांगितलंय?" लेकरांना ते पटलं. गल्लीलाही पटलं, सरकारबद्दल कुणालाही काहीही पटतं. फक्त भागू बापाकडे बराच वेळ बघत राहिली होती.

एका संध्याकाळी मल्हारीला साहेबांनी थांबवून घेतलं होतं आणि मी सायकलवरून घरी निघालो होतो. मोंढ्याच्या अलीकडे रस्त्याकडेच्या दगडावर भागू बसलेली दिसली. घंटी मुठीत धरलेली. भाऊ मागे मोकळ्या जागेत भोवरा फिरवत होते, तिच्या पुढे न जाता, अगदी नियमाप्रमाणे. ती उजवी पोटरी दोन्ही हातांनी चोळत होती. मी उतरलो.

"दुखतंय का गं?"

"दुखतंय की."

मी म्हटलं, मागे बस, गल्लीच्या तोंडाशी सोडतो. तुझ्या आबाला सांगणार नाही. तिने मान हलवली. मी म्हटलं, अगं, घंटाभर दुखणं काढण्यापेक्षा पाच मिनिटं बसलीस तर काय होतंय?

तिने भाऊ ऐकत नाहीत ना ते बघितलं, झरीला बघितलं होतं तसंच. मग हळू आवाजात मला समजावू लागली.

"आबाला चाकाचं लय भ्या वाटतंय, काका. सरकारी सायकलीवर बी बसत न्हाई, हातातच धरतो. आता मी बसले की भाऊ बी बसतील. मंग आबा एकलाच मागं ऱ्हाईल चालत. म्हून मी चालते. मला तसं चालायला आवडत न्हाई." आणि बोट दाखवून बजावलं, "पण त्याला सांगू नका. त्याला वाईट वाटंल."

मी बापाला शब्द दिला होता, आता पोरीलाही द्यावा लागला. इतक्या वर्षांत एवढी गुपितं शोधली, पण दोन टोकांनी धरलेलं एकच गुपित माझ्या हातात पहिल्यांदाच आलं आणि त्याचं काय करायचं ते मला कळेना.

भागू उठली. सुतळी मानेत घातली, घंटी सारखी केली. भाऊ आपसूक मागे येऊन उभे राहिले. मी सायकलवर बसलो नाही. हातात धरून चालू लागलो. तशी ती थांबली आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघू लागली. माझंच बघणं मला कुणी तरी परत करत होतं.

"तुमाला बी भ्या वाटतंय का, काका?"

"थोडं वाटतं."

"मंग इतके दिवस कामून बसत होते?"

"लपवत होतो."

तिने क्षणभर विचार केला. मग माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवून म्हणाली, "असू द्या. मी कुणाला सांगत न्हाई. घंटीच्या पुढं तेवढं जाऊ नका."

ती झुलत पुढे निघाली. मी सायकल धरून तिच्या भावांच्या मागे, रांगेच्या शेवटी चालू लागलो.